सक्युलंट ‘कुठेही जगतं’? त्या मेसेजमधला एकेक दावा तपासू या

बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. सक्युलंट (जाड पानांत-खोडांत पाणी साठवणारी रोपं) घरात कुठेही ठेवा, महिन्यातून एकदा चमचाभर पाणी घाला, कुंडीच्या तळाशी खडे टाका, रात्री ऑक्सिजन मिळावा म्हणून बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवा आणि घरच्या कोरफडीचा गर रोज पोटात घ्या. यावर विश्वास ठेवून लोक हौसेने रोपं आणतात, ती मरतात आणि मग ‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं म्हणतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक त्या सल्ल्याची असते.

‘कुठेही ठेवा’पासून सुरुवात करू. टीव्हीशेजारी ठेवलेलं एचेव्हेरिया (गुलाबासारखी पानं रचलेलं सक्युलंट) काही आठवड्यांत उंच होतं आणि घरच्यांना वाटतं, छान वाढतंय! प्रत्यक्षात ते उजेडासाठी ताणलं जात असतं. पानांमधलं अंतर वाढतं, फुलासारखा आकार मोडतो आणि ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. अशा वेळी शेंडा कापायचा, काप चार-पाच दिवस सुकू द्यायचा आणि नव्याने लावायचा. पूर्वेची गॅलरी सगळ्यात चांगली. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन मात्र पानं भाजून काढतं. उजेड थोडा कमी असेल तर हावर्थिया किंवा गॅस्टेरिया ही सक्युलंट घ्या.

रोप घेताना ते नेमकं कोणतं, हेही बघा. आपल्याकडे ‘जेड’ म्हणून मिळणारं, नखाएवढ्या पानांचं आणि तांबूस खोडाचं रोप बहुधा पोर्टुलाकेरिया आफ्रा असतं. जेड या नावाने जगभर ओळखलं जाणारं क्रासुला ओव्हाटा वेगळं. त्याची पानं मोठी, जाड आणि चकचकीत. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, पण कुळं निराळी. पोर्टुलाकेरिया भरपूर ऊन घेतं आणि पाणीही जरा जास्त चालवून घेतं; क्रासुला पावसाळ्यात पटकन कुजतं.

आता ऑक्सिजन. या दाव्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. स्नेक प्लांटसारख्या वनस्पती पाण्याची बचत व्हावी म्हणून पानांवरची रंध्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री त्या कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. पण ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याचे रेणू प्रकाशात फुटल्यावर, आणि अंधारात ते होत नाही. रात्री हे झाडही आपल्यासारखाच श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतं. मेसेजमध्ये नासाचं नाव असतं. नासाचा १९८९ चा तो अभ्यास हवाबंद पेट्यांमध्ये, बेंझिनसारख्या वाफांवर केलेला होता. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला. घरात एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. त्यापेक्षा खिडकी उघडा.

चमचाभर पाण्याने फक्त वरची माती ओली होते, खालची बारीक मुळं सुकून मरतात. पाणी द्यायचं तर तळाच्या भोकातून वाहीपर्यंत द्या आणि माती आतपर्यंत कोरडी होईस्तोवर पुन्हा देऊ नका. खालची पानं सुरकुतली तर तहान लागली आहे. पिवळी, मऊ आणि पारदर्शक झाली तर पाणी जास्त झालं आहे. कोकणात आणि मुंबईत जूनपासून कुंड्या छपराखाली घ्याच.

तळाच्या खड्यांचाही उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी जाड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा हवा असेल तर जाड वाळू, वीटचुरा किंवा पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) सगळ्या मातीत मिसळा. साधारण निम्मं प्रमाण ठेवा.

कोरफडीचा गर रोज पोटात घेण्याचा शेवटचा दावा मात्र धोक्याचा आहे. घायपाताची (अगेव्हची) कोवळी रोपं कोरफडीसारखी दिसतात. टोकाला सुईसारखा टणक, गडद काटा असेल आणि पान चिरल्यावर चिवट धागे निघाले, तर ते घायपात. त्याच्या रसाने अंगाची आग होते. खऱ्या कोरफडीतही सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो, आणि गरोदर बाईने तर तो घेऊच नये. कुंपणाला लावतात त्या शेर नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.