वायमारची आना अमालिया: चुकीच्या कारणासाठी होणारे कौतुक

साक्से-वायमार-आयझेनाख या छोट्या जर्मन राज्याची डचेस आना अमालिया हिच्याविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. 18व्या वर्षी विधवा झालेल्या या जर्मन राजस्त्रीने कारभार मंत्र्यांवर सोपवून स्वतःला कलेला वाहून घेतले, गटे आणि शिलर या साहित्यिकांना दरबारी बोलावले आणि आज तिच्या नावाने ओळखले जाणारे ग्रंथालय स्थापन केले, असा त्याचा आशय असतो. यातला वयाचा तपशील तेवढा निर्विवाद आहे.

गटे नोव्हेंबर 1775 मध्ये वायमारला आला तो तिचा मुलगा कार्ल आउगुस्ट याच्या निमंत्रणावरून. 3 सप्टेंबर 1775 रोजी 18 वर्षे पूर्ण होताच कार्ल आउगुस्टने सत्ता हाती घेतली होती. म्हणजे गटे शहरात येण्यापूर्वीच आना अमालियाची रीजंट (अल्पवयीन वारसाच्या वतीने कारभार पाहणारी) म्हणून कारकीर्द संपली होती. लेखक-विचारवंत हेर्डर 1776 मध्ये गटेच्या खटपटीने आला. शिलर 1787 मध्ये आपण होऊन आला. तिने त्याला वायमारजवळच्या तीफुर्टच्या वाड्यात भेटीस बोलावले खरे, पण त्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तिच्याविषयी फारसे बरे लिहिले नाही, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. या चौघांपैकी तिने स्वतः आणलेला साहित्यिक एकच, व्हीलांट, आणि त्यालाही 1772 मध्ये बोलावले ते भावी राजाचा शिक्षक म्हणून. गटेच्या बाबतीत तिला श्रेय द्यायचेच तर ते वेगळ्या गोष्टीचे आहे: 1776 मध्ये त्याला राज्याच्या सल्लागार मंडळात घेण्याच्या निषेधार्थ ज्येष्ठ मंत्री फ्रिच राजीनामा द्यायला निघाला, तेव्हा पत्र लिहून त्याची समजूत काढणारी तीच होती.

ग्रंथालयाविषयी थोडक्यात सांगता येईल. ड्यूकचे हे ग्रंथालय 1691 पासूनच होते. तिच्या काळात, 1766 मध्ये, ते ‘हिरव्या वाड्या’त हलवण्यात आले आणि तिचे नाव त्याला मिळाले ते 1991 मध्ये.

सर्वांत अन्यायकारक विधान मात्र कारभाराविषयीचे आहे. 28 मे 1758 रोजी पती वारला तेव्हा थोरला मुलगा वर्षाचाही नव्हता, धाकटा अजून जन्माला यायचा होता आणि ती स्वतःच कायद्याने अज्ञान असल्यामुळे आरंभी तिच्या वडिलांना, ब्राउनश्वाइगच्या ड्यूकला, पालक म्हणून मध्ये यावे लागले. पवित्र रोमन साम्राज्याच्या (तेव्हाची जर्मन राज्ये ज्यात मोडत त्या साम्राज्याच्या) सम्राटाने तिला सज्ञान ठरवल्यानंतर 1759 मध्ये अधिकार तिच्या हाती आला आणि त्याच वर्षी जुना मुख्य मंत्री ब्यूनाऊ पदावरून दूर झाला. तेव्हा प्रशिया आणि ऑस्ट्रिया ज्यात परस्परांविरुद्ध लढत होते ते सात वर्षांचे युद्ध ऐन भरात होते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक तिचा सख्खा मामा आणि त्याच्या बाजूने लढणारा सेनापती फर्डिनांड तिचा काका, पण साम्राज्याचा घटक म्हणून वायमारला सैनिक द्यावे लागत ते याच मामाविरुद्ध. अशा पेचात एक छोटे राज्य सावरून धरणे आणि ते अखंड मुलाच्या हाती देणे ही दुय्यम कामगिरी म्हणता येत नाही. ती फ्रिचसारख्यांच्या सल्ल्यावर अवलंबून होती, हे खरे. पण मंत्र्यांचा सल्ला त्या काळचे पुरुष राज्यकर्तेही घेत, आणि त्यांच्याविषयी ‘कारभार मंत्र्यांवर सोपवला’ असे कोणी लिहीत नाही.

कलेची आवड तिला सत्तेच्या काळातही होती. झायलरची नाटक मंडळी 1771 मध्ये वायमारला आली आणि व्हीलांटने शब्दबद्ध केलेला ‘आल्सेस्टे’ हा ऑपेरा 1773 मध्ये तिथेच प्रथम रंगला. परंतु मे 1774 मध्ये राजवाडा नाट्यगृहासह जळाला आणि मंडळी गोथाला निघून गेली. तिच्या नावाशी ज्या गोष्टी आज जोडल्या जातात, म्हणजे गटेच्या ‘एर्विन आणि एल्मिरे’ या संगीत नाटकाला तिने दिलेले संगीत, तीफुर्टचे हस्तलिखित नियतकालिक आणि 1788 ते 1790 मधला इटलीचा प्रवास, त्या सगळ्या 1775 नंतरच्या, म्हणजे राज्याची जबाबदारी उतरल्यावरच्या आहेत.