पाण्याच्या लाइनचा मालक कोण? कळव्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. पाणी-वीज पुरवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या मालकीत ग्राहकांचा वाटा हवा, असं मी मागच्या लेखात मांडलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: सहकार म्हणजे पुढाऱ्यांचं कुरण, मुळा-प्रवरा ही बुडालेली वीज सहकारी संस्था आठवा, कळव्यात खासगी कंपनी आल्यापासून तक्रारीची दखल तरी घेतली जाते, सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही, ती माणसं वीज काय पुरवणार, आणि भांडवल आणायचं कुठून?

मुळा-प्रवराची थकबाकी डोंगराएवढी झाली, २०११ साली परवाना गेला आणि श्रीरामपूर भागाची वीज महावितरणकडे आली, हे खरंच आहे. पण थकबाकी साचली कशी तेही पाहू. संस्था घाऊक वीज विकत घ्यायची, त्यातली बरीचशी शेतीपंपांना जायची, पंपांची वसुली व्हायची नाही आणि घाऊक दराचा वाद वर्षानुवर्षं चालू राहिला. शेतीपंपांची हजारो कोटींची थकबाकी महावितरणच्या डोक्यावरही आहे, आणि ती काही सहकारी संस्था नव्हे. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची वीज सहकारी संस्थाही मुळा-प्रवरासारखीच १९६९ सालची. तिच्या निवडणुकीत मातब्बर घराणी उतरतात, राजकारण पुरेपूर चालतं, तरी तालुक्याला वीज आजही तीच पुरवते. एका संस्थेच्या बुडण्यावरून सगळा सहकार निकालात काढणं मला पटत नाही.

आता कळवा. तुम्ही म्हणता ती खासगी वीज कंपनी, टोरंट, भिवंडीत २००७ पासून आहे, कळवा-मुंब्रा-शीळमध्ये मार्च २०२० पासून. भिवंडीतली वीजगळती बरीच खाली आली, तुमची तक्रारही लवकर सुटत असेल, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ही फ्रँचायझी आहे. परवाना महावितरणचा, दर वीज नियामक आयोगाचा, आणि कराराच्या मुदतीपुरतं वितरण नि वसुली कंपनीची. या तिघांच्या टेबलावर तुमची खुर्ची कुठे आहे? किराणा दुकान आवडलं नाही तर आपण पलीकडच्या दुकानात जातो. घरात येणारी पाण्याची लाइन मात्र एकच असते. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला आतून बोलण्याचा हक्क हवा, माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

आणि मालकीचे प्रयोग आपल्याकडे नाहीत असंही नाही. ‘स्टेम’ ही पाणी कंपनी ठाणे, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून आहे. नवी मुंबई महापालिकेकडे तर खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे. मला हवंय ते इतकंच की अशा कंपनीच्या संचालक मंडळावर ग्राहकांनी निवडलेली दोन-तीन माणसं बसावीत आणि गळतीचा, दुरुस्तीचा हिशेब त्यांच्यासमोर यावा. निवडणुकीचीच धास्ती असेल तर वेल्समध्ये २००१ पासून पाणीपुरवठा भागधारक नसलेल्या कंपनीकडे आहे. नफा वाटायचाच नसतो, उरलेला पैसा पाण्याच्या कामातच राहतो.

कोरमचं म्हणाल तर आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतही तेच. अर्धा तास थांबायचं, सभा तहकूब करून तिथेच पुन्हा भरवायची. पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की चित्र बदलतं. वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत गाडीचा नंबर, वेळ आणि सही एवढंच असायचं, गाडी भरलेली होती का याची नोंद कुठेच नसायची. मग एका निवृत्त सभासदांनी खुणा केलेली काठी आणली. झाकण उघडून पातळी मोजायची, वहीत नवा रकाना, आणि पातळी कमी भरली तर त्या प्रमाणात बिलातून कपात. हे गृहस्थ वार्षिक सभेला सहसा फिरकत नाहीत. पैसा आपल्या खिशातून जातोय आणि पाहण्याचा अधिकार आपला आहे, एवढं कळलं तेव्हा कुणी सांगायची गरज पडली नाही.

भांडवलासाठी लहानापासून सुरुवात करा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सोलरसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, मर्यादा ५०० किलोवॅट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल मेंटेनन्समधूनच जातं, तेव्हा अनुदान वजा जाता उरलेली रक्कम सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीला, हात न लावता सभासदांच्या वर्गणीतून कशी उभी करायची, हा पहिला ठराव. तुमच्या सोसायटीचं सामाईक मीटरचं वर्षभराचं बिल कळवलंत, तर आकडेमोड इथेच सगळ्यांसमोर करू.