शून्यावा दिवस

मला शेठ चावले यात सगळी चूक माझी होती, असं आमच्या पंचवटीतल्या गल्लीचं एकमत आहे. शेठ म्हणजे कुत्रा. मालेगाव स्टँडजवळच्या चहाच्या टपरीखाली त्याचा मुक्काम असतो. अंगानं भरलेला, चालणं संथ, दिवसभर पडून, आणि खायला घालणारे बारा जण, म्हणून शेठ.

मला डॉक्टरांनी रोज ६,००० पावलं चालायला सांगितलंय. त्या सोमवारी सकाळी मी मोबाइलमध्ये पावलं मोजत चाललो होतो. ५,९८४ झाली होती. ५,९८५ वं शेठच्या शेपटीवर पडलं.

"शेठ कधी कुणाला चावत नाही, भाऊ," टपरीवाला म्हणाला, "तुम्हीच काहीतरी केलं असेल." आणि त्यानं एक बिस्कीट शेठला दिलं. मला पाणीसुद्धा नाही.

पायाच्या नडगीवर दोन ओरखडे उठले होते. रक्त नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी जिना चढून गेली होती. बायकोनं हळदीची वाटी तयार ठेवली होती. धुळ्याच्या मावशींना फोन लागला होता आणि त्या स्पीकरवरून सांगत होत्या, "पोटात चौदा घ्यावी लागतात. बेंबीभोवती. आमच्या शेजारच्यांना दिली होती, माणूस गुरासारखा ओरडायचा." शेजारच्या वहिनींचं म्हणणं चुना लावा. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लाल तिखट सुचवलं. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो असतो तर फोडणीच दिली असती.

मी सरकारी रुग्णालयात गेलो. कोणत्या ते सांगत नाही. पुढं त्यांच्याकडून मला जे मिळालं ते त्यांनाही अडचणीचं व्हायचं.

केसपेपरच्या खिडकीवर मी शंभराची नोट पुढं केली. आतल्या माणसानं ती मागं सरकवली. "पैसे नाहीत." मला वाटलं, सुटे नाहीत. मी पाकीट चाचपायला लागलो तर म्हणाला, "अहो, घेतच नाही आपण. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून बंद आहे." सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तेव्हापासून केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालंय हे मी पेपरात वाचलं होतं. पण मध्यमवर्गीय माणसाला फुकट म्हटलं की धाकधूक होते. मी उगाच दोनदा "नक्की ना?" विचारलं. मागच्या रांगेनं मला बाजूला केलं.

इंजेक्शनच्या खोलीबाहेर सिस्टरनी विचारलं, "काय चावलं?"

"शेठ," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. खुलासा झाल्यावर पाय पाहिला. "रक्त आलं?"

"नाही."

"मग कॅटेगरी दोन."

खरं सांगतो, जरा लागलंच. माझ्या मागच्या पोराला पोटरीवर चांगला चावा होता, त्याला कॅटेगरी तीन मिळाली. त्याला रेबीजची लसही आणि जखमेत द्यायचं वेगळं सीरमही. मला नुसती लस. शाळेतही मी दुसऱ्याच तुकडीत होतो.

"धुतलं का?" सिस्टर.

"हो. हळदही लावली."

यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं शेठही चावायच्या आधी बघत नाही. "नळाखाली जा. साबण तिथं आहे. पंधरा मिनिटं. घड्याळ लावून." घरचा नळ साडेसहालाच गेलेला, म्हणून मी तांब्याभर पाण्यात उरकलं होतं. इथं धो धो पाणी. त्या मोरीत आम्ही तिघं एकेक पाय पुढं करून ओळीनं उभे, पँटा गुडघ्यापर्यंत, रामकुंडावर पर्वणीला उभं राहावं तसे. दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला शेतकरी, कॅटेगरी तीनचा तो मुलगा आणि मी. पंधरा मिनिटं किती मोठी असतात हे अंगावर साबण असल्याशिवाय कळत नाही. सातव्या मिनिटाला शेतकऱ्यानं मला या वर्षीच्या छाटणीचा खर्च सांगितला. मी एका कोल्ड स्टोरेजचा हिशेब लिहितो, त्यामुळं दहाव्या मिनिटापर्यंत आम्ही त्याचं कर्ज निम्म्यावर आणलं होतं.

धुऊन आलो तर लस नाही. म्हणजे होती, फ्रिजमध्ये. पण ही लस कातडीत देतात, एका खेपेला दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलिलीटर. एका बाटलीत चार-पाच माणसांचं भागतं आणि एकदा फोडली की सहा ते आठ तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. "अजून दोन जण येऊ द्या," सिस्टर म्हणाल्या, "मग फोडते."

आता दोन जण कुठून आणायचे? आम्ही तिघं बाकावर बसून फाटकाकडं बघायला लागलो. वऱ्हाड यायच्या वेळी मुलीकडचे बघतात तसं. एक माणूस लंगडत आत आला. द्राक्षवाला आनंदानं उठून उभा राहिला, "या, या, इकडं या!" तो गाडीवरून पडला होता. आमची तोंडं उतरली. मग एक बाई आल्या, मांजरानं ओरबाडलेल्या. त्यांना आम्ही सरकून जागा दिली. शेवटी आलं एक कॉलेजातलं पोरगं. अंजनेरीला गेलं होतं. अंजनेरी हे हनुमानाचं जन्मस्थान मानतात आणि तिथंच त्याच्या हातातल्या केळ्यावरून माकडानं त्याला बोचकारलं होतं. "प्रसाद समजा," मांजरवाल्या बाई म्हणाल्या. कोरम पूर्ण झाला. बाटली फुटली.

इथून माझ्या दंडाची कथा सुरू होते.

आमच्या नाशकात, म्हसरूळला, १९९८ सालापासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांच्या आणि नर्सांच्या पदव्यांवर त्याचा शिक्का असतो. आम्हाला याचा अभिमान आहे. फक्त इतकी सगळी पोरं शिकतात ती कशावर, हा विचार मी आजवर केला नव्हता.

"काका, मी देऊ?" असा बारीक आवाज आला. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिच्या मागं ट्यूटर मॅडम आणि त्यांच्या मागं अजून सहा मुली, वह्या उघडून. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सात जणी एकदम "काका" म्हणाल्या की माणूस विरघळतो.

"सुईचं तोंड वर. पंधरा अंशात. कातडीच्या आत, खाली नाही," मॅडम सांगत होत्या. "फुगा यायला पाहिजे, संत्र्याच्या सालीसारखा."

मुलीचा हात थरथरत होता. माझा दंडही. दोघांची थरथर जुळली असती तरी चाललं असतं, पण ती वेगवेगळ्या तालात होती. सुई गेली. सात डोकी माझ्या दंडावर वाकली.

"फुगा?" मॅडम.

कुणी बोलेना.

"खोल गेली. परत."

दुसऱ्या वेळी मात्र आला. वाटाण्याएवढा, पांढरट, टपोरा. सगळ्या मुली "आला, आला!" म्हणाल्या. मलाही आमच्या घरात पहिली पुरी फुगल्यावर होतो तसा आनंद झाला.

"पुढची तारीख गुरुवार," सिस्टर कार्डावर लिहीत म्हणाल्या. "आज दिवस शून्य. मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा."

"आज पहिला दिवस ना?"

"शून्यावा."

तीस वर्षं हिशेब लिहितोय, पण शून्यावा दिवस मी ऐकला नव्हता. घरी कॅलेंडरवर बायको एकपासून मोजत होती, मी शून्यापासून. तिचं उत्तर बुधवार, माझं गुरुवार. शेवटी मी म्हणालो, "अगं, याला ओपनिंग बॅलन्स समज." ती म्हणाली, "चावला त्या दिवशी काही जमा झालंय का?"

निघता निघता रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अजून एक काम लावून दिलं होतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, तो ठणठणीत आहे ना बघा. आपण रुग्ण म्हणून जातो आणि परत येतो तो कुत्र्याचा नातेवाईक होऊन. रोज सकाळी मी टपरीवर शेठची हजेरी घ्यायला लागलो. तोंडाला फेस नाही, शेपटी हलते, भूक उत्तम. पाणी पितो का तेही बघायचो. घरून वाडगा नेला होता.

बुधवारी शेठ गायब.

बुधवार म्हणजे गोदाघाटावरचा बाजार. मी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलो आणि मेथीच्या जुड्या, लसणाचे ढीग, कोयते-विळे यांच्या मधून "शेठ, शेठ" करत फिरलो. तीन खऱ्या शेठांनी वळून बघितलं. अखेर एका बटाट्यावालीच्या पोत्यामागं तो सापडला, चारी पाय पसरून, निपचित. काळजात धस्स झालं. मी वाकून पोट बघायला लागलो.

"मेलं का?" बटाट्यावाली.

"थांबा."

पोट हललं नाही. मग हललं. मग मोठ्ठं हललं आणि शेठनं घोरायला सुरुवात केली. मी तिथंच पायरीवर बसलो. बटाट्यावालीनं काही न विचारता मला पाणी दिलं आणि मी ते मुद्दाम सावकाश प्यायलो. कारण आदल्या रात्रीपासून मी स्वतःचीही परीक्षा घेत होतो. पाण्याची भीती वाटते का, हे बघायला रात्री दोनला उठून तांब्याभर पाणी प्यायचो. भीती वाटत नव्हती. पहाटे साडेतीनला मात्र परत उठावं लागायचं.

गुरुवारी रुग्णालयात गर्दी होती. तिथल्या झाडूवाल्या मावशींनी हात केला, "कुत्रावाले तिकडं, वरच्या हॉलात." वर गेलो. खुर्च्या मांडलेल्या, पंखे चालू, बाया शांत बसलेल्या. म्हटलं, सुधारणा झाली. दारात रजिस्टर होतं. सही केली. पुढचा रकाना पदनामाचा. वरच्या ओळींत सगळीकडं —॥— असं होतं, मीही तेच केलं. फोल्डर मिळालं, वही, पेन, चहा, बटाटावडा. सरकारी आरोग्यसेवेबद्दल लोक काहीही बोलतात, असं मनात आलं.

पंधरा मिनिटांनी पडद्यावर लुई पाश्चर आले. १८८५ च्या ६ जुलैला त्यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. पुढं सगळ्या मिळून तेरा. तेव्हा मला शंका यायला हवी होती. पण मी वडा खात होतो. प्रशिक्षक सर चांगले बोलत होते. पोटातली चौदा इंजेक्शनं ही जुन्या लसीची गोष्ट, ती लस आता बंद आहे. आता दंडावरच देतात. (धुळ्याच्या मावशींना हे त्याच रात्री ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग जोर नसेल.") आणि पाण्याची भीती रोग झालेल्या माणसाला वाटते, कुत्र्याला नाही. माझा वाडगा फुकट गेला.

"कुत्रा चावलेला रुग्ण तुमच्याकडं आला," सरांनी विचारलं, "पहिल्यांदा काय बघाल?"

हॉल गप्प. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठलो, पँट वर केली आणि पाय दाखवला. "कॅटेगरी दोन, सर. रक्त नाही. साबणानं पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. आज दिवस तिसरा."

सर भारावले. "बघा! रुग्ण बरोबर आणलाय. कोणत्या केंद्राचे तुम्ही?"

"पंचवटी."

टाळ्या पडल्या. दुपारी दीडला, शेजारच्या बाईंनी "तुमच्या उपकेंद्राला लोकसंख्या किती हो?" असं विचारल्यावर उलगडा झाला. तो आरोग्यसेविकांचा प्रशिक्षणवर्ग होता. लसीची खोली खालीच, पहिल्यासारखी. मी फोल्डर शर्टात खुपसून खाली पळालो. सिस्टर बाटली घेऊन बसल्या होत्या. "कुठं होतात? चार जण तुमच्यासाठी थांबलेत!"

सातव्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन टोचण्या, दोन फुगे, वेगळी मुलगी, हात स्थिर. दहावा दिवसही पार पडला. शेठ ठणठणीत, उलट माझ्या बिस्किटांनी थोडे जाडच.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती पहिलीच मुलगी भेटली. मला पाहून तिचा चेहरा पडला.

"काका, मी मॅडमना बोलावते."

"कशाला? तूच दे," मी म्हणालो. "सुईचं तोंड वर. पंधरा अंश."

ती हसली. सुई कधी गेली कळलं नाही. फुगा असा आला की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दंडाला तर ती माझ्याशी बारावीच्या मार्कांबद्दल बोलत होती. मग कार्डावर शेवटची खूण करून तिनं टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. "हे वरून आलंय, काका. रजिस्टरमध्ये पत्ता नव्हता. सिस्टर म्हणाल्या, कुत्रावाले काका अठ्ठाविसाव्या दिवशी येतीलच."

प्रमाणपत्र होतं. जाड कागद, सोनेरी किनार. माझ्या नावाआधी 'श्रीमती', नावानंतर 'आरोग्यसेविका', आणि खाली 'श्वानदंश व्यवस्थापन प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले आहे.' परत करावं असं एकदा मनात आलं. पण तीस वर्षांच्या नोकरीत मला 'यशस्वीरीत्या' असं कुणी लिहून दिलेलं नाही.

संध्याकाळी टपरीवर ते दाखवायला नेलं. टपरीवाल्यानं हात पुसून घेतले, वाचलं आणि म्हणाला, "श्रीमती?" मी उत्तर दिलं नाही. बाकड्याकडं वळलो. शेठ आडवे पडले होते. त्यांनी एक डोळा उघडला, माझ्या चपलेकडं पाहिलं आणि सावकाश शेपूट आत ओढून घेतलं.