‘आळस’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, सादर नमस्कार. आपण लिहिलंत, "मुलींच्या मानेवरचा काळेपणा म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारातलं खाणं आणि अंगातला आळस. शिस्त लावायची सोडून आया जनुकांआड लपतात. असले जनुकीय विकार लाखात एखादीला, उगाच घबराट कशाला? माझ्या नातीची जिलबी बंद केली, झालं."

विकार विरळ आहे, मान्य. बहुतेक मुलींमध्ये वजनाचा वाटा मोठा असतो, हेही मान्य. पण 'आयांनी लपणं' मी ऐकून घेणार नाही. वयाचा मान ठेवून सौम्य लिहायचं ठरवलं होतं, जमत नाहीये.

माझ्या मुलीच्या चौदाव्या वर्षी बरगड्या दिसायच्या. मान मात्र काळी, जाडसर, मखमली. बेसन-दही लावून मी ती लाल होईपर्यंत घासायची. रामबागेतल्या एका लग्नात एका बाईंनी चारचौघांत विचारलं, "हिला आंघोळ घालत नाहीस का गं?" पोर जेवणावरून उठली. पाळी नाही, हनुवटीवर राठ केस, आणि एका डॉक्टरांनी मान न बघताच लिहून दिलं, गोड बंद. साखर नॉर्मल होती ना! उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासलं तेव्हा ते भलतंच चढलेलं निघालं.

दोष इन्शुलिनच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवर इन्शुलिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनात होता. त्याचं जनुक, आयएनएसआर, १९व्या गुणसूत्रावर असतं. पेशी दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन ओतत राहतं. त्यामुळे साखर वर्षानुवर्षं ताब्यात दिसते, पण तेच जादा इन्शुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि त्वचा जाड करतं. इन्शुलिनला दाद न देण्याचा, सडपातळ तरुण मुलींमधला हा 'टाइप ए' प्रकार १९७६ साली वर्णिला गेला. बहुधा आई किंवा बाप, एकाकडून आलेली सदोष प्रत पुरते. आता सांगा, शिस्त कोणाला लावू? रिसेप्टरला?

अशीच मान काळी करणारी लिपोडिस्ट्रॉफी, म्हणजे अंगावरच्या चरबीची वाटणी बिघडण्याचा विकार, वेगळी. एलएमएनए जनुकातल्या दोषाने वयात येताना हातापायांची चरबी झडते, चेहरा-मान भरते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातले चरबीचे घटक, चढतात. रिसेप्टरच्या दोषात ते सहसा चढत नाहीत, म्हणून ती तपासणी महत्त्वाची.

'तुम्ही कुठल्या डॉक्टर?' आणि माझ्या शुद्धलेखनावरच्या ओळींना उत्तर देत नाही.

नात बारीक असेल आणि मान अजून काळी असेल, तर जिलबीवर भागवू नका. एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि ट्रायग्लिसराइड तपासायला सांगा. आणि तोवर तिला आळशी म्हणू नका.