‘तीन दिवस कोंडा, दारू सुटते’ : हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका

‘दारू सोडवण्याचे चार रामबाण उपाय’ काल नात्यातल्या ग्रुपवर आले आणि खाली लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली. त्यातलं एखादं घर आज रात्रीच हे करून बघेल, म्हणून लिहावं लागतंय.

‘खोलीत कोंडा, तडफडेल, चौथ्या दिवशी नवा माणूस.’ रोज क्वार्टर किंवा जास्त पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भिंतीवर साप-मुंग्या दिसतात, ताप चढतो, नाडी धावते, वार-वेळ कळत नाही. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. बाधा वगैरे काही नाही, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास यात माणूस दगावू शकतो. दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू रोज जास्त जोर लावून जागा राहायला शिकलेला असतो. दारू गेली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. म्हणजे कोंडलेले तीन दिवस हेच सर्वांत धोक्याचे.

डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध सुरू करून पाच-सात दिवसांत कमी करत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शनही देतात. आणि ‘अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा’ हा आपला आवडता उपाय थायमिनच्या आधी नको. शरीरात उरलंसुरलं थायमिन ग्लुकोज पचवण्यात संपतं, मग डोळे तिरळे होतात, तोल जातो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

‘चहात गुपचूप पुडी घाला.’ पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याचा जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध काहींना उपयोगी पडतं, हे मान्य. पण ते त्या माणसाला सांगून, तपासण्या करून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करतात.

‘बिअरवर आणा, बिअर म्हणजे दारू नव्हे.’ ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं. व्हिस्कीचे चार स्मॉल पेग झाले की हे!

‘इच्छाशक्ती असेल तर डॉक्टर कशाला?’ ठरवावं लागतं, खरंय. पण एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९च्या सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही मदत मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ इच्छाशक्तीवरच सोडलेले आहेत.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. फिट आली, बरळणं सुरू झालं तर मात्र तिथेही फोन करत बसू नका, थेट १०८ लावा.