लवकर विद्यापीठात गेलेली मुलं खचतात? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या रविवारी बहिणीचा फोन आला. काही बोलायच्या आतच तिचा आवाज भरून आला. "तुझी भाची मला विचारतेय, आई, मी मोठेपणी वेडी होणार का?"

भाची चौदा वर्षांची आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या लवकर-प्रवेश कार्यक्रमात तिची निवड झाली आहे. हायस्कूलची उरलेली वर्षं वगळून ती थेट विद्यापीठात शिकू शकेल. जायचं की नाही ते अजून ठरायचं आहे. तेवढ्यात आमच्या आईच्या ग्रुपवर तो मेसेज आला आणि आईने काळजीपोटी तो नातीलाच पाठवला. वर लिहिलं, "बाळा, एकदा वाच गं." पोरीने तो पाच-सहा वेळा वाचला, रात्री पांघरुणात तोंड खुपसून. त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तीन जणांनी पाठवला, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कोवळ्या वयात विद्यापीठात गेलेली मुलं पुढे मनाने खचतात, हे ‘अमेरिकन संशोधनात सिद्ध झालंय’. पुरावा म्हणून विल्यम सायडिस: बुद्ध्यांक ३००, अकराव्या वर्षी हार्वर्ड, शेवटी वेड लागून आत्महत्या. जोडीला बॉम्ब पाठवणारा टेड काझिन्स्की. या मुलांना मित्र नसतात, बालपण नसतं. आईबापांच्या हौसेपायी त्यांचा बळी जातो. पदवी हातात पडते तेव्हा नोकरीचं वय नसतं आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी प्रश्न: यांतल्या एकाला तरी नोबेल मिळालं का?

सायडिसपासून सुरुवात करते, कारण भाचीची झोप त्याच्यामुळे उडाली.

सायडिसने आत्महत्या केली नाही. जुलै १९४४ मध्ये, ४६ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. बुद्ध्यांक ३०० असल्याचा एकही चाचणीचा कागद अस्तित्वात नाही. मुळात बुद्ध्यांक ही कल्पनाच विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली, आणि तोवर सायडिस हार्वर्डमध्ये तिसरं वर्ष घालवत होता. म्हणजे एका वाक्यात दोन धादांत खोट्या गोष्टी, आणि त्या वाचून एक मुलगी स्वतःच्या डोक्याबद्दल घाबरली.

खरी हकीकत अशी. तो नऊ वर्षांचा असताना हार्वर्डने त्याला लहान म्हणून परत पाठवलं आणि १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी घेतलं. जानेवारी १९१० मध्ये त्याने तिथल्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांनी त्याची पाठ सोडली नाही. १९१४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो पदवीधर झाला. मग ह्यूस्टनला राइस इन्स्टिट्यूटमध्ये गणित शिकवायला गेला. तिथले विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे होते. वर्षभरात ते सुटलं. नंतर कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलं, १९१९ मध्ये बोस्टनच्या मे दिनाच्या मोर्चात अटक झाली, आणि पुढची वर्षं त्याने कचेऱ्यांमधली छोटी कामं करत, शक्य तेवढं नाव लपवून काढली. ट्रामची बदली तिकिटं, म्हणजे एका गाडीतून दुसरीत बसताना चालणारी तिकिटं, जमवायचा त्याला नाद होता. त्यावर त्याने १९२६ मध्ये टोपणनावाने एक अख्खं पुस्तक लिहिलं. १९३७ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने त्याला शोधून काढून त्याच्या एका खोलीच्या संसारावर लेख छापला, तेव्हा तो कोर्टात गेला. माझं खासगी आयुष्य मला राहू द्या, एवढीच त्याची मागणी होती. १९४० मध्ये वरच्या कोर्टातही तो हरला.

हे वाचून मला वाईट वाटतं. पण यात विद्यापीठ कितपत दोषी? त्याच्या वडिलांनी, बोरिस सायडिस यांनी, आपल्या शिक्षणपद्धतीचा गाजावाजा केला आणि लेकाला तिचा चालता-बोलता दाखला करून टाकलं. वर्तमानपत्रांनी त्याला तीस वर्षं छळलं. आणि त्या वर्गात तो साफ एकटा होता, मोठ्या माणसांच्या घोळक्यात अर्ध्या चड्डीतलं एक पोर.

त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये आणखी कोण होतं, हे मेसेज सांगत नाही. नॉर्बर्ट वीनर अकराव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजात गेला, चौदाव्या वर्षी पदवीधर झाला आणि १९०९ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला आला. १९१३ मध्ये, अठराव्या वर्षी, डॉक्टरेट. त्याने पुढे एमआयटीत आयुष्यभर शिकवलं आणि सायबरनेटिक्स नावाची विद्याशाखा उभी केली, यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाचा आणि संदेशवहनाचा अभ्यास करणारी. अडॉल्फ बर्ली चौदाव्या वर्षी हार्वर्डमध्ये आला, वकील झाला, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सल्लागार मंडळात बसला. रॉजर सेशन्सही चौदाव्याच वर्षी आला आणि अमेरिकेतला मानाचा संगीतरचनाकार झाला. तेच विद्यापीठ, तोच काळ. शितावरून भाताची परीक्षा होते हे मलाही मान्य आहे, पण चार शितांतलं एकच करपलेलं शीत हातात धरून भात करपला म्हणायचं नसतं.

वीनरचंही सगळं सुखाचं नव्हतं. वडिलांच्या जाचाबद्दल आणि स्वतःच्या उदासीबद्दल त्याने १९५३ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. ते मी लपवणार नाही. पण त्याने ते लिहिलं तेव्हा तो जगभर नाव झालेला प्राध्यापक होता, संसारी माणूस होता.

काझिन्स्कीचा मुद्दा मात्र नुसता संतापजनक आहे. तो सोळाव्या वर्षी, १९५८ मध्ये, हार्वर्डला गेला हे खरं. त्याचा पहिला बॉम्ब १९७८ चा. मधल्या वीस वर्षांत त्याने मिशिगनमधून डॉक्टरेट घेतली, बर्कलीत शिकवलं, नोकरी सोडली, मोंटानाच्या रानात खोपटं बांधून राहिला. वीस वर्षांपूर्वी इयत्ता गाळली म्हणून माणूस खुनी होतो, असं एका लहान मुलीला सांगायला लाज वाटायला हवी.

आता ते ‘अमेरिकन संशोधन’. मेसेजमध्ये ना संशोधकाचं नाव, ना वर्ष, ना विद्यापीठ. मी नाव, वर्ष, सगळं देते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. गणितात खूप पुढे असलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करायचा प्रकल्प त्यांनी १९७१ मध्ये सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी एसएटी द्यायला लावली, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची प्रवेशपरीक्षा. कारण साधं होतं. शाळेच्या पेपरात ही सगळीच मुलं पैकीच्या पैकी आणतात, मग त्यांच्यातला फरक कळणार कसा? हा प्रकल्प आता व्हँडरबिल्ट विद्यापीठात आहे आणि तीच मुलं, आता पन्नाशी-साठीची माणसं, अजून त्याला उत्तरं देतात.

२०२१ मध्ये ब्रायन बर्नस्टीन, डेव्हिड लुबिन्स्की आणि कॅमिला बेनबो यांनी ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’त त्यांचा हिशेब मांडला. तेरा वर्षांच्या आत निवडलेली तीन तुकड्यांतली १,६३६ मुलं, ३५ वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा, आणि पन्नाशीच्या वयात त्यांच्या मनःस्वास्थ्याची तपासणी. प्रश्न नेमका आपलाच होता: जी मुलं लवकर पुढे गेली, वरच्या वर्गाचं शिकली, ती पन्नाशीत जास्त दुःखी आहेत का? उत्तर: नाही. किती भराभर पुढे गेले याचा आणि मन किती ठीक आहे याचा काही संबंध आढळला नाही. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नामवंत विभागांत संशोधन करणाऱ्या ४७८ वेगळ्या विद्यार्थ्यांवर त्यांनी तेच ताडून पाहिलं, तरी तेच. उलट दोन्ही गटांचं मनःस्वास्थ्य देशाच्या सरासरीहून बरं निघालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या अभ्यासात हायस्कूल कितव्या वर्षी संपवलं आणि त्याआधी वरच्या दर्जाचं किती शिकलं, हे मोजलं आहे. फक्त बाराव्या-तेराव्या वर्षी विद्यापीठात गेलेल्यांचा हा अभ्यास नव्हे. तरी ‘लवकर पुढे गेलं की मन मोडतं’ हा जो सरसकट दावा आहे, त्याच्या मुळाशी तो थेट घाव घालतो. समोरच्या बाजूला आहे एक लाल अक्षरांतला मेसेज.

नोबेलचा मुद्दा पाच ओळींत उरकते. जेम्स वॉटसन पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात गेला, नोबेल १९६२. मार्टिन ल्यूथर किंग पंधराव्या वर्षी मोरहाउस कॉलेजात गेले, नोबेल १९६४. रॉबर्ट वुडवर्ड सोळाव्या वर्षी एमआयटीत गेला, नोबेल १९६५. हा वुडवर्ड मध्ये अभ्यासाकडे दुर्लक्ष केलं म्हणून एमआयटीतून बाहेर काढला गेला होता, परत घेतल्यावर १९३७ मध्ये विसाव्या वर्षी डॉक्टर झाला. गणिताला नोबेल नसतं, पण चौदाव्या वर्षी मेरीलँड विद्यापीठात गेलेल्या चार्ल्स फेफरमनला १९७८ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मान, मिळालं. अर्थात ही यादीही निवडकच आहे. मी तिच्यावरून भाचीला नोबेल मिळेल असं म्हणत नाही, आणि मेसेजनेही सायडिसवरून तिला वेड लागेल असं म्हणू नये.

मित्र नसतात, हे ज्याने लिहिलं त्याने आजचे कार्यक्रम पाहिलेले नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठात हॅल्बर्ट रॉबिन्सन यांनी १९७७ मध्ये लवकर प्रवेश सुरू केला. मुलांना थेट खोल पाण्यात सोडू नये हे लक्षात आल्यावर १९८० मध्ये मधल्या वर्षाची वेगळी तयारी-शाळा काढली. तिथे एकाच वयाची मुलं वर्षभर एकत्र शिकतात आणि मग एकत्रच विद्यापीठात जातात. मेरी बाल्डविन कॉलेजने १९८५ मध्ये फक्त मुलींसाठी निवासी कार्यक्रम काढला. सायडिसला जे मिळालं नाही तेच हे आहे: बरोबरीची मुलं. भाचीचं आजचं पाहा. गणिताच्या तासाला तिचं वीस मिनिटांत होतं, उरलेला वेळ ती वहीच्या समासात मुंग्या काढते. शेवटची पन्नास पानं नुसती मुंग्यांची आहेत, सहाही पाय मोजून काढलेले. तिच्या वर्गात तिच्या वयाची तीस मुलं आहेत आणि त्यांतल्या एकालाही तिने त्या मुंग्या दाखवलेल्या नाहीत.

आईबापांची हौस? इथे मेसेजला थोडं मानावं लागतं, नाइलाजाने. असे पालक आहेत. लेकराच्या वयाची बातमी करणारे, चॅनेल काढणारे, दोन वर्षांत दोन पदव्या म्हणून मिरवणारे. बोरिस सायडिस गेले, पण त्यांची जात गेलेली नाही. पोराला स्वतःला जायचं नसेल तर पाठवूच नये, मग ते कितीही हुशार असो. पण हा दोष ढकलणाऱ्याचा आहे. ज्या मुलीने स्वतः अर्ज भरला, निबंध लिहिला, मुलाखत दिली, तिला त्यासाठी घाबरवू नका.

राहिलं नोकरीचं आणि पुढचं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पदवी मिळालेल्या मुलाला काही दारं लगेच उघडत नाहीत, हे खरं आहे. वयाची अट असते, समोरचा बिचकतो. पण ‘पुढे काय ते कळत नाही’ हा दोष कसा? बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्यांतल्या कितीजणांना कळतं? लवकर पदवीधर झालेल्याकडे उलट वेळ शिल्लक असतो. त्याने दोन वर्षं चुकीच्या वाटेवर घालवली तरी तो बरोबरीच्यांच्या मागे पडत नाही.

जोसेफ बेट्स हा स्टॅन्ली यांचा पहिला विद्यार्थी. तेराव्या वर्षी हॉपकिन्समध्ये, सतराव्या वर्षापर्यंत पदवी आणि पदव्युत्तर पदवी, मग कॉर्नेलला डॉक्टरेट आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आयुष्यभराचं काम. त्याची वाट सरळ गेली. रोनन फॅरोची नाही गेली. तो अकराव्या वर्षी सायमन्स रॉक या लवकर प्रवेश देणाऱ्या कॉलेजात गेला, पंधराव्या वर्षी बार्ड कॉलेजमधून पदवीधर झाला. मग युनिसेफसाठी काम, येलमधून कायद्याची पदवी, परराष्ट्र खात्यात नोकरी, ऑक्सफर्ड आणि शेवटी पत्रकारिता. त्याच्या वार्तांकनाबद्दल ‘न्यू यॉर्कर’ला पत्रकारितेचं २०१८ चं पुलित्झर पारितोषिक विभागून मिळालं. तीन क्षेत्रं बदलली, आणि पुलित्झर आलं तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेली. या दोघांच्या मागे जी शेकडो मुलं याच वाटेने गेली, त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणी साधी नोकरी करणारं. मेसेजला ती दिसत नाहीत, कारण त्यांचा ना चमत्कार झाला ना सर्वनाश.

हे सगळं मी आधी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने स्वतः नातीला फोन लावला आणि विचारलं, "पदवी झाल्यावर काय करणार गं तू?" पोरगी म्हणाली, "ते नाही माहीत, आजी. पण मुंग्या एकमेकींना वास सोडून वाट दाखवतात, त्या वासाचं रसायनशास्त्र शाळेत अजून दोन वर्षं शिकवणार नाहीत. तिथे पहिल्याच वर्षी आहे."

पुढचा पाऊण तास दोघी मुंग्यांबद्दल बोलत होत्या. तो मेसेज आईने ग्रुपवरून काढायला सांगितला आहे. अजून काढलेला नाही.