प्रोटोकॉल पाठ आहे, पण कोणता उघडायचा?

‘कॅज्युअल्टीत विचार करायला वेळ नसतो. पोरांकडून प्रोटोकॉल घोटून घ्या, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग सेमिनारपुरतं ठेवा,’ असं मेडिकलच्या विद्यार्थ्यांना कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, कसं शिकवावं याबद्दल तुम्ही लिहिलंय. निम्मं मान्य. हृदय बंद पडलेल्या पेशंटपाशी चर्चा नकोच. मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने छाती दाबणं हातात मुरलेलं हवं. पण बाकीचे पेशंट निदान सांगत येत नाहीत. कोणता प्रोटोकॉल उघडायचा, इथेच चूक होते.

मण्यार चावल्याची केस घ्या. पहाटे साडेपाच. जमिनीवर झोपलेला शेतमजूर, पोटात कळ, दोन उलट्या. सूज नाही, दाताची खूण नाही. मण्यारीचा दंश झोपेत बऱ्याचदा कळतही नाही. विद्यार्थी ‘गॅस्ट्रायटिस’ (जठराला सूज) म्हणतो, पँटोप्रॅझोल हे अ‍ॅसिडिटीचं औषध देतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. सर्पदंशाचा प्रोटोकॉल त्याला तोंडपाठ असतो. तो आता लागणार आहे, हेच त्याच्या लक्षात आलेलं नसतं.

म्हणून ही केस चार चिठ्ठ्यांत द्यावी. पहिलीवर वरचं एवढंच. दोन मिनिटांत प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: कशाने आधी जीव जाईल, आत्ता काय करणार, काय दिसलं तर मत बदलेन. लेखीच हवं, कारण तोंडी विचारलं की एक हुशार बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. दुसरी चिठ्ठी: बीपी १२०/८०, पोट मऊ, ईसीजी नॉर्मल. तिसरी: पापण्या जड, आवाज गेंगाणा, एका श्वासात जेमतेम १२ पर्यंत आकडे. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) मात्र ९७, आणि मुलं फसतात ती याच आकड्यावर. श्वासाचे स्नायू थकत चालले तरी सॅच्युरेशन बराच वेळ टिकून राहतं. चौथीवर २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: गुठळी झाली. ‘म्हणजे विष नाही’ असं कुणी लिहिलं, तर घोणस-फुरशाचं विष रक्तावर आणि मण्यारीचं मज्जातंतूंवर जातं, ही उजळणी तिथल्या तिथे घ्यावी. (चाचणीची नळी कोरडी, स्वच्छ, काचेची हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही.) मग निर्णय: इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालण्याची) तयारी, अँटीव्हेनमच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० व्हायल, रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी. रेफर करायचं तर हे सुरू करून, सोबत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) चालवणारा माणूस देऊन.

वेळेचं म्हणाल, तर सगळं ४० मिनिटांत होतं. त्यातली किमान १५ मिनिटं मुलांनी लिहिलेलं परत वाचायला ठेवा, कारण विचार कुठे अडला ते तिथे दिसतं. शिक्षकाने दुसऱ्याच चिठ्ठीला ‘पापण्या बघितल्या का?’ असं विचारलं की केस संपली. शोध मुलांचा राहत नाही. आणि पुढच्या आठवड्यात हीच पहिली चिठ्ठी द्या, फक्त उत्तर मधुमेहातली जीवघेणी गुंतागुंत, डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस असू द्या. नाहीतर पोट दुखणाऱ्या प्रत्येकात त्यांना मण्यार दिसायला लागते.